उत्तरेचे हिम आणि धामापूरचे तळे

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षापासून २१ मार्च हा हिमनद्यांचा जागतिक दिन म्हणून पाळण्याचे ठरविले. आंतरराष्ट्रीय वर्षे येतात आणि जातात. त्यांच्या निमित्ताने ठराव होतात, परिसंवाद भरतात आणि वर्ष सरले की कागद फडताळात जाऊन पडतात. त्यातून विषय हिमनद्यांचा. मालवणच्या किनाऱ्यावर ज्याचा जन्म गेला त्याला हिमनदीचे सोयरसुतक काय असावयाचे? येथे थंडीसुद्धा पाहुण्यासारखी चार दिवस येते आणि आंब्याला मोहोर आला की नाही एवढे विचारून परत जाते. हिमालय येथून हजार मैलांहून दूर आहे आणि उत्तर ध्रुवाजवळची सरोवरे तर नकाशावरच पाहावयाची.

तरीही हा विषय सिंधुदुर्गाच्या घरातला आहे, असे आमचे म्हणणे आहे. तो घरातला का आहे, हे समजण्यासाठी आधी उत्तरेत काय घडते आहे ते पाहावे लागेल.

हिमनदी ही नदीपेक्षा कोठारासारखी अधिक वागते. हिवाळ्यात पडलेले हिम ती साठविते आणि उन्हाळ्यात, जेव्हा खालच्या खोऱ्यांत पाण्याची खरी निकड असते, तेव्हा थोडेथोडे सोडते. हवा तापू लागली की या व्यवहाराचा तोल बिघडतो. जमेपेक्षा खर्च वाढतो आणि मुद्दल वितळू लागते. काठमांडू येथील पर्वतीय विकासविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यातील हिमनद्यांची झीज २०११ ते २०२० या दशकात त्याच्या आधीच्या दशकाहून ६५ टक्के अधिक वेगाने झाली. वितळलेले पाणी हिमनदीच्या पायथ्याशी, तिनेच ढकलून आणलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याआड साचते आणि तेथे तळी बनतात. प्रथमदर्शनी ही आनंदाची गोष्ट वाटते, कारण पाणी वाढलेले दिसते. पण दिवाळखोरीच्या वाटेवरील पेढीतही काही दिवस रोकड खेळताना दिसतेच.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेली आणि २०२४ साली जाहीर केलेली पाहणी या दृष्टीने बोलकी आहे. भारतातील हिमालयीन नद्यांच्या खोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी अशी २,४३१ सरोवरे आढळली. त्यांपैकी ६७६ सरोवरे १९८४ नंतर लक्षणीय वाढली आणि त्यांतील १३० भारताच्या हद्दीत आहेत. हिमाचल प्रदेशातील घेपन घाट येथील सरोवर १९८९ साली सुमारे ३६ हेक्टरांचे होते, ते २०२२ साली १०१ हेक्टरांचे झाले. अशा सरोवराचा बांध कोणा अभियंत्याने घातलेला नसतो. तो सैल दगडगोट्यांचा असतो आणि केव्हा फुटेल याचा नेम नसतो. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर २८ सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे १६७ हेक्टर पसरलेले होते. ४ ऑक्टोबरच्या छायाचित्रात ते ६० हेक्टरांवर आले. मधल्या दिवसांत जे पाणी निसटले त्याने तीस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून नेले आणि माणसे, पूल, वस्त्या यांचा संहार केला. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या माथ्यावरील चोराबारी तळे फुटून झालेला अनर्थ महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे, कारण त्या यात्रेत आपली माणसेही होती.

पुजाऱ्यांची आणि व्यापाऱ्याची वही

हिमालयाच्याही उत्तरेकडील थंड प्रदेशांतील सरोवरांची कथा वेगळी आहे. ती हिवाळ्यात गोठतात आणि वसंतात मोकळी होतात. अनेक सरोवरांचे हे गोठणेच आता अनियमित होऊ लागले आहे. या बदलाचा सर्वांत जुना पुरावा कोणत्याही वेधशाळेतून आलेला नाही. तो एका देवळातून आला. जपानमधील सुवा नावाच्या सरोवराच्या काठी शिंतो पंथाचे देवस्थान आहे. हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फाला मोठा तडा जाऊन त्याची कड वर येते. एका काठावरचा देव पलीकडच्या काठावरील देवीच्या भेटीला बर्फावरून चालत गेला आणि ही त्याच्या पावलांची खूण, अशी तेथील श्रद्धा. ती खूण कोणत्या दिवशी उमटली याची नोंद पुजाऱ्यांनी १४४३ सालापासून ठेवली. पिढ्या बदलल्या, राजवटी बदलल्या, पण वही चालू राहिली. शास्त्रज्ञांनी ती तपासली तेव्हा असे दिसले की पहिल्या अडीचशे वर्षांत सरोवर न गोठल्याची उदाहरणे केवळ तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. आणि २००५ ते २०१४ या दहा वर्षांत पाच. देवाचा रस्ता बंद होत चालला, आणि तो केव्हापासून बंद होऊ लागला हे देवाच्याच पुजाऱ्यांच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे.

दुसरी अशीच वही फिनलंड आणि स्वीडन यांच्या सीमेवरील टॉर्न नदीची. तिच्यावरचा बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटला याची नोंद १६९३ साली एका व्यापाऱ्याने सुरू केली. त्याला हवामानशास्त्र ठाऊक नव्हते, कारण ते शास्त्रच अजून जन्माला यावयाचे होते. नदी केव्हा मोकळी होईल यावर त्याचा धंदा अवलंबून होता, म्हणून तो लिहीत गेला. आज जगातील हवामानतज्ज्ञ त्या वहीला दंडवत घालतात.

या दोन वह्यांचा उल्लेख मुद्दाम विस्ताराने केला. त्याचे कारण पुढे येईल.

हिमाचे कोकणाशी नाते

हिमालयाच्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध असावा, ही कल्पना नवी नाही. हेन्री ब्लॅनफर्ड हे भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख. १८७५ साली हे खाते स्थापन झाले आणि पाठोपाठ दुष्काळाने दख्खन होरपळली. पाऊस का रुसतो याचा शोध घेताना ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की ज्या वर्षी हिमालयात हिमवर्षाव जास्त आणि उशिरापर्यंत होतो, त्या वर्षी मैदानी मुलखात पाऊस कमी पडण्याचा संभव असतो. या सूत्राच्या आधाराने १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला. पुढे हा संबंध वाटला तितका सरळ नाही असे आढळले आणि अंदाजाच्या गणितात प्रशांत महासागरापासून अनेक घटकांची भर पडली. तथापि मूळ विचार टिकून आहे. आशियाचा भूखंड किती तापतो, त्याच्या माथ्यावर पांढरे आच्छादन किती आहे, समुद्र किती उबदार आहे, या सर्वांचा मिळून जो हिशेब होतो तोच जूनमध्ये देवगड-मालवणच्या कौलांवर वाजू लागतो.

तो हिशेब आता किती डळमळीत झाला आहे? २०२३ साली मोसमी पाऊस दक्षिण कोकणात पोहोचावयास ११ जून उजाडला आणि पोहोचल्यावरही तो बरेच दिवस तेथेच अडून बसला. २०२५ साली तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन धडकला. दोन वर्षांवरून सिद्धांत मांडू नये हे खरे. पण शेतकरी सिद्धांत मांडत नसतो, तो तरवा टाकत असतो, आणि तरव्याचा दिवस चुकला की वर्ष चुकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले की अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली. पूर्वी चक्रीवादळ म्हटले की आपण आंध्र-ओरिसाकडे बोट दाखवीत होतो. २००९ चे फयान, २०१९ चे क्यार आणि मे २०२१ चे तौक्ते या नावांनी ते बोट आता आपल्याच किनाऱ्याकडे वळविले आहे.

दुसरे नाते समुद्राचे. जगभरच्या पर्वतांवरून वितळलेले हिम अखेर समुद्रालाच मिळते. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. १९७१ नंतरच्या वाढीत निम्मा वाटा पाणी तापून प्रसरण पावल्याचा आहे, तर पर्वतांवरील हिमनद्यांचा वाटा सुमारे २२ टक्के आहे. मिलिमीटरांची ही भाषा ऐकून कोणी हसेल. त्याने देवबागला जाऊन यावे. एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ते गाव उभे आहे. तेथे उधाणाची लाट घराच्या किती जवळ आली हे लोक पावलांनी मोजतात. त्या गावाला मिलिमीटरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याचा प्रश्न तर याहून सूक्ष्म आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पोटातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी सर्वांना ठाऊक आहेत. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे पाणी, याला आपण दैवी चमत्कार मानतो. त्यात निसर्गाचा एक साधा नियमही आहे. किनाऱ्याजवळ जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत ते खाऱ्या पाण्याला दाबून धरते. हा तराजू फार नाजूक आहे. वर उपसा वाढला, पाऊस मुरणे कमी झाले किंवा समुद्र थोडा चढला, की विहिरीच्या तळातून क्षार वर सरकू लागतो, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हावयास पुष्कळ पावसाळे लागतात. खाडीकाठच्या खारभूमीचे बांध राखण्यासाठी महाराष्ट्राने १९७९ साली स्वतंत्र कायदा केला. समुद्राशी आपला हा झगडा जुना आहे. फरक इतकाच की प्रतिपक्षाचे बळ आता दरवर्षी वाढते आहे.

कोकणची हिमनदी कोणती?

परंतु सर्वांत जवळचे नाते तिसरेच आहे. हिमनदीचे काम काय, तर एका ऋतूत मिळालेले पाणी दुसऱ्या ऋतूसाठी राखून ठेवणे. कोकणात हे काम कोण करते? येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र आहे, समुद्र जवळ आहे. घाटमाथ्यावरून निघालेले पाणी पाहता पाहता खाडीत पोहोचते. मग फाल्गुन-चैत्रात विहिरी तळ गाठतात आणि जेथे जूनमध्ये व्हाळ ओलांडता येत नव्हता तेथे मे महिन्यात हंड्यांची रांग लागते. पावसाच्या मापाने कोकण श्रीमंत आहे, पण साठ्याच्या मापाने त्याच्या गाठीला फारसे काही नाही.

जे काही साठते ते जांभ्याच्या सड्यांत, देवराईच्या मुळांशी, भातखाचरांच्या मेरांआड आणि गावतळ्यांत. हीच कोकणची हिमनदी. तिला बर्फाचा शुभ्र रंग नाही, तिची छायाचित्रे कोणी पाहत नाही. पण जे काम गंगोत्री उत्तरेसाठी करते तेच काम ही मातीची आणि झाडांची साठवण आपल्यासाठी करते. आणि या हिमनदीचेही मागे हटणे चालू आहे.

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव हे या साठवणीचे सर्वांत मोठे आणि सुंदर उदाहरण. विजयनगरच्या सत्तेखालील मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधला असे सांगितले जाते. दोन टेकड्यांमधला उतार मातीच्या बांधाने अडवून पावसाचे पाणी धरावे, काठावर भगवतीचे देऊळ असावे आणि खाली धामापूर-काळशाच्या पोफळी-माडांच्या बागा आणि भातशेती त्या पाण्यावर पोसल्या जाव्यात, अशी ती साधी योजना. जवळजवळ पाच शतके ती चालली आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधणीला प्रारंभ केला तेव्हा हे तळे सव्वाशे वर्षांहून जुने होते. आज मालवण शहराच्या नळालाही या तलावाचे पाणी येते. सिंचन व जलनिस्सारणविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० साली जागतिक वारसा सिंचनस्थळांच्या यादीत धामापूरचा समावेश केला. त्या वर्षी भारतातील जी चार स्थळे निवडली गेली त्यांपैकी तीन आंध्र प्रदेशातील होती आणि महाराष्ट्रातील हे एकच.

सन्मान मिळाला, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, पर्यटक वाढले. येथपर्यंत सारे ठीक. पुढे काय झाले? आपल्याकडे एखाद्या स्थळाचे महत्त्व शासनाला पटले की पहिला विचार सुशोभीकरणाचा होतो. तळे म्हणजे काठ, काठ म्हणजे काँक्रीट, काँक्रीट म्हणजे कंत्राट, अशी ही साखळी आहे. धामापुरातील बांधकामांचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. त्या वादातील कायद्याची बाजू न्यायासनाने पाहावी. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की पाणथळ जागेचा काठ हा तिचा अवयव असतो. पावसाळ्यात पाणी जेथपर्यंत चढते आणि उन्हाळ्यात जेथून ओसरते त्या ओल्या पट्ट्यात गवत वाढते, मासे अंडी घालतात, पक्षी उतरतात आणि वरून येणारा गाळ अडतो. तो पट्टा दगडमातीने बांधून काढला की तळ्याचा हौद होतो. हौद सुंदर दिसू शकेल, पण तो जगत नाही.

तळ्याचा खरा शत्रू काठावर दिसतही नाही. तो वर, पाणलोटात असतो. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगातील १,९७२ मोठ्या सरोवरांचा आणि जलाशयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९२ ते २०२० या काळात त्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे पाणी घटले. नैसर्गिक सरोवरांच्या बाबतीत हवेचे तापणे आणि माणसाचा उपसा ही मुख्य कारणे. पण माणसाने बांधलेल्या जलाशयांच्या बाबतीत प्रमुख कारण निघाले ते गाळ. धामापूर हा माणसाने बांधलेला जलाशय आहे. पाऊस जेव्हा रिमझिम पडतो तेव्हा डोंगर त्याला पिऊन टाकतो. तोच पाऊस चार तासांत कोसळला की डोंगराची कातडी सोलून तळ्यात आणून टाकतो. हवामान बदलते तसे कोसळणाऱ्या पावसाचे प्रमाण वाढते, आणि ज्या उतारावरची झाडे तोडलेली असतात तेथे त्याला अडविणारे कोणी उरत नाही. हवामानबदलाचा घाव आणि कुऱ्हाडीचा घाव हे असे एकाच ठिकाणी बसतात. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार केला होता. त्या अहवालावर पुष्कळ आरडाओरड झाली. तो शांतपणे वाचला मात्र फार थोड्यांनी.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की हवा तापविली ती युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांनी. धामापूरच्या शेतकऱ्याने त्यासाठी आपल्या जागेवर पाणी का सोडावे? हा आक्षेप न्यायाच्या दृष्टीने बिनतोड आहे. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या वाट्याची किंमत मोजली पाहिजे, असे भारताने जागतिक परिषदांत वारंवार बजावले आहे आणि ते योग्यच आहे. पण शेजाऱ्याच्या चुलीची ठिणगी आपल्या गवताच्या गंजीवर पडली तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणी विहिरीवरून घागर आणावयाची थांबत नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ च्या शिरगणतीत ८ लाख ४९ हजारांवर आली. देशभर माणसे वाढत असताना या जिल्ह्यात ती घटली, कारण तरुण मुंबई-पुण्याची वाट धरतात. अशा जिल्ह्यात पर्यटनाने चार पैसे येत असतील तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार पगारदार लेखकांना नाही. हे आम्हांस मान्य आहे. परंतु पर्यटक येतो तो मुख्यतः हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे नेमका साठा उतरत असताना. तारकर्ली-मालवणच्या निवासांना नळ लागतो तो याच तळ्याच्या भरवशावर. तेव्हा पर्यटन विरुद्ध तळे असा हा सामना नाही. तळे गेले तर पर्यटनही जाईल. लडाखमध्ये हिमनद्या मागे हटल्यावर पेरणीच्या वेळी पाणी मिळेनासे झाले, तेव्हा चेवांग नॉर्फेल या स्थानिक अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्यांचे पाणी बांधांआड अडवून त्याचे कृत्रिम हिम करण्याची युक्ती काढली. वसंतात ते वितळून शेताला मिळू लागले. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभारून तोच विचार वाढविला. पाच शतकांपूर्वी धामापुरात जे घडले ते याहून निराळे नव्हते. ऋतूने दिलेले ऋतूपलीकडे नेण्याची ही विद्या आपल्याकडे आधीपासून होती. आता ती फक्त विसरावयाची नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, धामापूरसारख्या तलावांचा विचार काठापासून न करता पाणलोटापासून केला पाहिजे. ज्या डोंगरांचे पाणी तळ्यात येते त्यांची हद्द नकाशावर आखून ती गावकऱ्यांसमोर जाहीर व्हावी आणि तेथील वृक्षतोड, खोदकाम व रस्ते यांचा निर्णय तळ्याच्या हिशेबाने व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशातील दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. पण जमिनीवर सीमा आखल्याखेरीज आदेश कागदावरच राहतो. दुसरी गोष्ट, सुशोभीकरणाच्या पैशातील काही भाग गाळाकडे आणि वरच्या उतारांवरील लहान बांधांकडे वळवावा. गाळ काढून शेतात टाकण्याची शासनाची योजना २०१७ पासून आहे. तिचा लाभ कोकणातील लहान तळ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. मात्र काम यंत्राच्या सोयीने होता कामा नये, तळ्याच्या जीवसृष्टीला सोसेल तसे आणि तेव्हा झाले पाहिजे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, म्हणून ती सर्वांत अवघड आहे. येथे सुवा सरोवराच्या पुजाऱ्यांची आठवण पुन्हा करावी लागते. धामापूरचे तळे बांधले गेले त्याच्या ८७ वर्षे आधी त्यांनी आपली वही उघडली होती. आपल्याही तळ्याकाठी देऊळ आहे, पुजारी आहेत, जत्रा आहेत, मानपान आहेत आणि गावऱ्हाटीचे दंडक पिढ्यान्‌पिढ्या तंतोतंत पाळले जातात. कोणाचा मान पहिला आणि कोणाचा दुसरा याची स्मृती आपण चारशे वर्षे जपू शकतो. पण तळ्याचे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत चढले आणि कोणत्या तिथीला कोणत्या दगडापर्यंत उतरले याची वही आपल्याकडे नाही. परिणामी ‘पूर्वी पाणी जास्त असायचे’ असे म्हातारे म्हणतात, ‘तसे काही नाही’ असे अधिकारी म्हणतात, आणि दोघांपैकी कोणालाही काही सिद्ध करता येत नाही.

ही वही आजही सुरू करता येईल. मोठ्या धरणांच्या साठ्याचे आकडे शासन प्रसिद्ध करते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु गावचे तळे, देवळाची पुष्करणी, शाळेमागची विहीर, व्हाळ आटण्याचा दिवस, पहिला तरवा टाकल्याचा दिवस, विहिरीला खारट चव लागल्याचा दिवस, यांची नोंद कोण ठेवणार? ती गावातला शिक्षक ठेवू शकेल, ग्रामपंचायतीचा लेखनिक ठेवू शकेल, विज्ञानाचा विद्यार्थी ठेवू शकेल. त्यासाठी तळ्याच्या काठावर रंगाने आखलेली एक मोजपट्टी, शाळेच्या छपरावर एक पर्जन्यमापक आणि दोनशे पानी वही एवढेच साहित्य पुरे. दर आठवड्याला एक आकडा लिहावयाचा. शिक्षकाची बदली झाली तर वही पुढच्या शिक्षकाच्या स्वाधीन करावयाची, जसा हजेरीपट आणि चावीचा जुडगा स्वाधीन होतो तशी. जिल्ह्यातील प्रत्येक तळ्याला अशी एक शाळा दत्तक मिळाली तर दहा वर्षांत सिंधुदुर्गाकडे अशी संपत्ती जमेल की जिच्यापुढे मोठमोठ्या अहवालांना मान तुकवावी लागेल.

हे काम लहान आहे म्हणून त्याला हसू नये. टॉर्न नदीकाठच्या त्या व्यापाऱ्यानेही एका वर्षी एकच ओळ लिहिली होती. लोकशाहीत तलाठ्यापासून न्यायासनापर्यंत सर्वांसमोर शेवटी पुरावा लागतो आणि ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्याकडे केवळ तक्रार असते. पाणलोटातील झाडे राखण्याची मागणी असो, नळयोजनेचा उपसा ठरविण्याचा प्रश्न असो किंवा खारावलेल्या विहिरीची भरपाई असो, ती वही गावाच्या बाजूने साक्ष देईल.

उत्तरेची हिमनदी वाचविणे मालवणच्या माणसाच्या हाती नाही, किंवा फार अल्प प्रमाणात आहे. धामापूरचे तळे वाचविणे मात्र त्याच्या हाती आहे. आंतरराष्ट्रीय वर्ष संपले म्हणून काम संपत नाही. येता पावसाळा तळ्यात उतरण्याआधी मोजपट्टी काठावर लागली पाहिजे आणि पहिला आकडा वहीत लिहिला गेला पाहिजे.